मुदतीचा इसार

१२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. पहिल्या ओळीत "हे काय करून बसलीस", दुसरीत "काकाला काय सांगू", तिसरीत सही. सहीला दलालाचा कागद टोचलेला, तुझ्या दुकानातल्या गाद्यांच्या लांब टाचणीनं. पाकीट उघडताना ती बोटात घुसली. मुद्दाम केलं असशील तर मान्य.

आता नीट सांगते. बाबांच्या मागे त्यांचा लेथचा कारखाना विकला. माझ्या वाट्यातलं अर्धं काकाने बँकेत ठेव म्हणून अडकवलं, मी स्थिर होईन त्या दिवसासाठी. उरलेलं अर्धं माझ्या हातात होतं. ते मी सगळं लावलं. शेअर नाही घेतले, शेअर घ्यायचा हक्क घेतला.

तू दुकानाची जागा घेतलीस तेव्हा मालकाला इसार दिला होतास. भाव ठरला, मुदत ठरली. मुदतीत बाकीचे पैसे आणलेस तर जागा तुझी, मग मधे त्याला दुप्पट देणारा भेटला तरी तुला भाव तोच. नाही आणलेस तर इसार गेला. हे तसंच आहे. या कंपनीचा शेअर आज शंभराला मिळतो. मी एका शेअरमागे चौदा इसार देऊन तो एकशेवीसला घ्यायचा हक्क घेतला, येत्या नाही, त्याच्या पुढच्या जानेवारीपर्यंत. शेअर दोनशेला गेला तरी मला एकशेवीसलाच. आणि खरं तर घ्यायचीही गरज नाही, हा हक्कच दुसऱ्याला विकता येतो. त्याचाही रोज भाव निघतो.

कंपनी थंडीची यंत्रं बनवते. मागची दोन वर्षं मी तीन शीतगृहांत पेट्या उचलल्या, तुला तिन्हीकडून एकेक कार्ड आलं असेल. (एकावर हंस आहे असं तू कळवलं होतंस. ते बदक आहे. हंसाची मान बघ, बदकाची बघ. असो.) तिन्हीकडे जुनी यंत्रं आठवड्यातून एकदा मान टाकायची आणि आम्ही पेट्या घेऊन दुसऱ्या खोलीकडे पळायचो. तिसऱ्या जागी या कंपनीचं नवं यंत्र बसलं, ते मी असेपर्यंत एकदाही बंद पडलं नाही. जुनी यंत्रं सगळीकडे एकाच वयाची आहेत. ती एकदमच मरणार. मला एवढं कळतं.

लोक महिन्याची मुदत घेतात, मी दोन वर्षांची घेतली, त्याला कारण तू. मी आता गाळ उपसणाऱ्या बोटीवर आहे. इथे फोन लागत नाही, आणि लागला तरी आपण दोघी फोनवर भांडतो. खातं माझं, पण दलालाला कायमचा पत्ता हवा होता, तो माझ्याकडे कधीच नव्हता. म्हणून पत्ता तुझा, आणि माझ्या वतीने विक्री सांगायचा अधिकार तुला लिहून दिलाय. मी पत्र लिहिणार, तू दलालाला सांगणार. पत्राला दोन-तीन आठवडे लागतील. दोन वर्षांत दोन-तीन आठवडे म्हणजे काय.

काकाला सांग, पैसे बुडाले तर मी मुकाट येऊन त्याच्या विम्याच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर बसेन आणि येईल त्याला "बसा" म्हणेन. नाही बुडाले तर ठेव माझ्या हातात द्यायची आणि "कधी स्थिर होणार" हे पुन्हा कुणी विचारायचं नाही. शब्द दिला.

तुझी भिंगरी

३ मार्च

भिंगरे,

टाचणी मुद्दाम नव्हती. पण लागली ते बरं झालं.

काकाला पत्र वाचून दाखवलं. तो हसला. मी त्याची मोठी बहीण, मला त्याचं हसू ओळखता येतं. पैसे बुडतील म्हणून नाही हसला, टेबलाला माणूस मिळेल म्हणून हसला. शर्त कबूल म्हणाला. मी म्हटलं कागदावर उतरव, तर म्हणे घरातल्या घरात कागद कशाला.

माझीही एक अट ऐक. मी पत्रात लिहिलेलंच करीन. कुणाच्या तोंडी निरोप, कुठल्या धक्क्यावरून केलेला फोन, काही चालणार नाही. तू सकाळी एक बोलतेस, जेवलीस की दुसरं. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. काल दलालाकडे जाऊन आले. शेअर आजही शंभरालाच आहे, एक पैसा हललेला नाही. मग तुझा हक्क चौदाचा साडेतेरा कसा झाला? तिथली बाई म्हणाली, मुदत कमी झाली ना. शिवाय आज विकायला गेलं तर साडेतेराही नाही, बाराच हातात पडतील, कारण इतक्या लांबच्या मुदतीचं गिऱ्हाईक रोज दारात उभं नसतं. मी म्हटलं, म्हणजे बर्फाची लादी घेऊन ठेवलीय पोरीने. ती म्हणाली, तसंच, पण हा आधी हळू वितळतो आणि शेवटी शेवटी धावतो.

हे तुला घेताना माहीत होतं की नव्हतं, तेवढं कळव.

एका वकिलाचा सोफा उसवून पडलाय. वरून मखमल, आत आधीच्या कारागिराने रद्दी कोंबलेली. तीस वर्षं लोक त्यावर बसून सल्ले घेत होते.

आत्या

२० मे

आत्या,

नव्हतं माहीत. म्हणजे वाचलं होतं. पण वाचलेलं आणि माहीत असलेलं यांत फरक असतो, आणि तू आता म्हणशील की त्यासाठीच कॉलेज पुरं करायचं असतं. नको म्हणूस. कॉलेजात होते तेव्हा खिडकीतून समोरच्या छपरावर पत्रे बसवणारे दिसायचे, त्यांचं काम मला आजही येतं. वर्गात काय चाललं होतं ते विचार.

पुस्तकही घेतलंय. धक्क्यावर जुन्या पुस्तकांची गाडी लागते, तिथे या विषयावरचं एकच होतं. बोटीवर चढताना पाण्यात पडलं. वाळवलं, पण मधली पानं चिकटून बसलीत आणि तोट्याचं प्रकरण नेमकं त्यात आहे. स्वयंपाकी मला रोज किटली देतो, वाफेवर धरून एकेक पान सोडवते. तो म्हणतो, "एवढं सोडवून आत वाईटच निघणार असेल तर चिकटलेलं काय वाईट?" हा माणूस बोटीवरचा सगळ्यात आनंदी प्राणी आहे.

गाळात काय काय निघतं ते तुला सांगायचं राहिलंच. मागच्या आठवड्यात एक सायकल निघाली, घंटी वाजत होती. एक दरवाजा निघाला, कुलूप लावलेला. चौकट नाही, भिंत नाही, नुसता दरवाजा, पण बंद. कप्तानाने कुलूप तोडायला लावलं. का ते त्यालाही सांगता आलं नाही.

तर बर्फाचं. वितळू दे. हळू वितळतोय तोवर मला घाई नाही, आणि शेवटी धावायच्या आत शेअर उडालेला असेल. पुढे मी लिहीपर्यंत हक्काला हात लावू नकोस. वर गेला तरी नाही, खाली गेला तरी नाही. पत्ता हाच धक्का.

काका माझ्या टेबलासाठी माप विचारत होता असं तू मधल्या चिठ्ठीत लिहिलंस. त्याला सांग, मापं घोड्याची घेतात आणि तीही घोडा दारात आल्यावर.

भिंगरी

८ सप्टेंबर

भिंगरे,

हे पत्र उभ्याने लिहितेय, हात खळीचे आहेत, डाग पडले तर पडू दे.

शेअर एकशेपन्नास. तुझा हक्क बेचाळीस. चौदाचे बेचाळीस झाले, तिप्पट. दलालाकडची बाई मला बघून खुर्ची सरकवते आता.

काका परवा दुकानात आला. अर्धा तास स्टुलावर बसून माझं शिवणं बघत राहिला, जसं काही आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. मग हळूच म्हणाला, "मोठी, ती कंपनी नक्की बनवते काय गं?" मी म्हटलं थंडी. गेला.

तू हात लावू नकोस लिहिलंस, मी लावलेला नाही. पण एक दुकानदार म्हणून सांगते. आज अर्धं विकलं तर तू घातलेलं सगळंच्या सगळं दीडपट होऊन घरी येतं. उरलेलं अर्धं मग फुकटातलं. ते वाढलं तर वाढलं, बुडालं तर रडायचं कारण नाही. चांगल्या खुर्चीला चार पाय असतात, तू तिला एका पायावर उभी करून टाळ्या वाजवतेयस.

विकू का अर्धं? हो की नाही, एका शब्दात लिही.

आत्या

२९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र आज हातात पडलं. बोट ऑगस्टमध्येच नदीच्या दुसऱ्या पात्रात गेली आणि माझा नवा पत्ता कळवायचा राहिला. कळवणारच होते, त्या दिवशी पंप अडकला, मग लक्षात राहिलं नाही, मग वाटलं कळवलाय. तुझं पत्र मला शोधत सात आठवडे हिंडलं. आपल्या घराण्यात आणखी एकाला भिंगरी लागली.

विक. अर्धं विक. विचारत बसू नकोस, भाव विचारू नकोस, हे पत्र मिळेल त्याच दिवशी जाऊन विक. एका शब्दात मागितलंस, मी तीनदा लिहिलं.

आणि काकाला सांग ठेवीचे कागद काढून झटकून ठेव.

टपालाची होडी थांबलीय, तो भोंगा वाजवतोय, मी त्याला शिव्या देतेय. नवा पत्ता मागे लिहिलाय.

भिंगरी

१६ नोव्हेंबर

भिंगरे,

विकलं. आठला.

तुझं पत्र काल आलं, काल विकलं. मधे काय झालं ते तुला कळलेलं नसणार. ऑक्टोबरच्या मध्याला कंपनीने आपला हिशोब सांगितला आणि त्यातच सांगितलं की नवा कारखाना वर्षभर उशिरा सुरू होणार. दोन दिवसांत शेअर कोसळला, आता शहाण्णवला आहे.

तू लिहिलंस भाव विचारू नकोस. मी विचारला नाही. दलालाकडची बाई म्हणाली, "बाई, थोडं थांबा, ही बेचाळीस बघून लिहिलेली चिठ्ठी दिसतेय." मला काय दिसत नव्हतं? मलाही दिसत होतं. तरी विक म्हटलं.

का, ते सांगते, मग हव्या तेवढ्या शिव्या दे. तुझ्या पत्रात एकदा मी माझं डोकं घातलं की ते पत्र तुझं राहत नाही. आज विकू नये असं मला वाटलं म्हणून विकलं नाही, उद्या तू परत जाऊ नयेस असं वाटलं म्हणून तुझं तिकीट काढलं नाही. काका दुसरं काय करतो? तोही तुझ्या भल्यासाठीच करतो.

उरलेलं अर्धं तसंच आहे.

आत्या

१० डिसेंबर

आत्या,

मी हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. पहिली तीन गाळात गेली, खरोखरच्या गाळात, कुणीतरी कधीतरी उपसून वाचेल आणि म्हणेल, या बाईची आत्या कोण होती.

बेचाळीसच्या जागी आठ. नियम पाळलास आणि मला पाण्यात बुडवून वर नियम कोरडा ठेवलास. कुणीही जिवंत माणूस ते पत्र वाचून थांबला असता. ती दलालाची बाई थांबत होती. तू नाही थांबलीस, कारण तुला धडा शिकवायचा होता, आणि आता म्हणतेस धडा नव्हता, तत्त्व होतं. तत्त्वाने शिकवलेला धडा जास्त लागतो, हे तुला ठाऊक असेलच.

पण शेवटचा परिच्छेद मी कापून खिशात ठेवलाय. काकाबद्दलचा. त्याबद्दल आत्ता बोलणार नाही, आत्ता रागावायचंय.

उरलेलं अर्धं विकणार नाही. कारखाना वर्षभर उशिरा म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात सुरू होणार. माझी मुदत त्यानंतरच्या जानेवारीत संपते. दोन महिने हातात राहतात. शीतगृहांतली यंत्रं काय कारखान्याला उशीर झाला म्हणून तरुण होणार आहेत? आठने आलेले पैसे खात्यात पडू देत, त्यांच्याकडे बघायची इच्छा नाही.

नियम तसाच ठेव. मी चिडलेय, वेडी झालेले नाही.

भिंगरी

२५ सप्टेंबर

भिंगरे,

नऊ महिन्यांत तुझं एक कार्ड. त्यावर चार शब्द आणि कसलासा पक्षी. या वेळी मान नीट बघितली, बगळा आहे.

मुदतीला चार महिने राहिले. शेअर एकशेआठला आहे. तू घेतलास तेव्हापेक्षा आठने वर, आणि हक्क चौदाचा चार झालाय. मी त्या बाईला म्हटलं, शेअर वर आणि हा खाली, ही कुठली रीत? ती म्हणाली, तेव्हा दोन वर्षांची आशा विकत होतो, आता चार महिन्यांची. बर्फ धावायला लागलाय.

काकाने टेबलावर काच बसवली. खुर्ची मला भरायला दिलीय. भरतेय, पूर्ण मजुरी लावून. काल विचारत होता, पाठ उंच ठेवू की बुटकी, तुला कशी आवडेल. मी म्हटलं तिला दार आवडतं.

आजही चार आहेत, भिंगरे. हातात येतील ते घे आणि काकाला म्हण, सगळं नाही बुडालं. ही माझी अक्कल आहे, हुकूम नाही. हुकूम तुझा.

आत्या

२ डिसेंबर

आत्या,

नाही.

मोठ्ठा लिहिला असता, पण शाई संपत आलीय. स्वयंपाक्याची पेन्सिल मागितली तर म्हणाला, तिने तो मिठाचा डबा ढवळतो. खोटं वाटेल, पण आमच्या बोटीवर चमचे पाण्यात पडतात आणि पेन्सिली टिकतात.

कारखाना सुरू झाल्याची बातमी वाचली. शेअर एकशेतेरा. अजून एकशेवीसच्या खालीच, माहितेय, आणि हक्काचे आता दोन-अडीच येतील. ते घेऊन मी काय करू? त्यात पुढच्या वर्षाची मुदत मिळत नाही, आणि सुटकाही मिळत नाही. हे वर्षापूर्वी करायला हवं होतं, हक्काला काही भाव होता तेव्हा, विकून वर थोडे घालून पुढची तारीख घ्यायची. पुस्तकातलं ते पान काल सुटलं किटलीवर. बैल गेला आणि झोपा केला, पण निदान झोपा कसा करतात ते कळलं.

मी घेतलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबणार. मी बरोबर आहे असं मला अजून वाटतं आणि दोन-अडीचसाठी ते वाटणं विकायचं नाही.

भिंगरी

२४ जानेवारी

भिंगरे,

संपलं.

शेवटच्या दिवशी शेअर एकशेसतराला थांबला. एकशेसतराची वस्तू एकशेवीसला घ्यायचा हक्क कुणाला हवाय. दलालाकडच्या बाईने मला चहा दिला. मी तीन घोट घेतले आणि उठले.

संध्याकाळी काका आला. म्हणाला, "पहिल्या तारखेपासून धरू?" मी म्हटलं अर्धं आठला विकलं होतं, म्हणजे सगळं काही बुडालेलं नाही, शर्त सगळ्याची होती. तो म्हणाला, "मोठी, चौदाचे आठ याला तू तरणं म्हणतेस?"

म्हटलंस तर भांडते. पण तू म्हटलंस तरच.

आत्या

२१ मार्च

आत्या,

संपलं हा शब्द तू एकटाच एका ओळीवर ठेवलास. कुणी शेजारी बसवलं नाहीस, बरं केलंस.

काल पेपर मिळाला, आठवड्यापूर्वीचा. शेअर एकशेअडतीस. तीन मोठ्या शीतगृहवाल्यांनी एकदम नवी यंत्रं मागवलीत. माझी मुदत संपून दोन महिने पुरे झाले नाहीत. स्वयंपाकी माझ्या तोंडाकडे बघत होता, मी रडते की काय म्हणून. मी हसले. त्याला वाटलं डोकं गेलं.

कंपनी मी बरोबर ओळखली. यंत्रं, त्यांचं वय, कारखाना, कशात चूक नाही. चुकली ती तारीख. आणि त्या बाजारात "बरोबर, पण उशिरा" या उत्तराला शून्य मार्क. शाळेत निदान रीतीचे अर्धे मिळायचे.

पुन्हा करीन. हे काकाला ठळक वाचून दाखव. पण वेगळं करीन. हातातलं सगळं लावणार नाही, गेलं तर जेवण चुकणार नाही तेवढंच. आणि स्वस्त म्हणून लांबचा भाव धरणार नाही. शंभराचा शेअर ऐंशीला घ्यायचा हक्क महाग पडतो, पण त्यात वीस तरी खरे असतात. माझे चौदाच्या चौदा आशेचे होते, तुझ्या वकिलाच्या सोफ्यासारखे. दुप्पट झाल्यावर किती विकायचं ते घ्यायच्या दिवशीच लिहून तुझ्याकडे देईन, कारण दुप्पट झाल्यावर माणूस लिहिण्याच्या अवस्थेत राहत नाही. तू विचारलंस "विकू का", ते मला आधी सुचायला हवं होतं. आणि पोस्टाने करणार नाही. मला वाटलं दोन वर्षांची मुदत म्हणजे दोन वर्षं निवांत. पण भाव काही दोन वर्षं चढत बसत नाही. तो एका आठवड्यात चढतो, पुढच्यात उतरतो, आणि नेमक्या त्या आठवड्यात आपलं पत्र कुठल्यातरी धक्क्यावर झोपलेलं असतं.

आठला विकल्याबद्दल तुला जे लिहिलं होतं ते परत घेत नाही. पण एवढं सांगते की शेवटी हातात उरले ते तेवढेच, आणि ते मी तेव्हा विकले नसते.

आता शर्त. काकाशी भांडू नकोस. बुडाले. आठ-चौदाचा कीस पाडून मला सुटायचं नाही. शब्द दिला होता, येते.

पण दोन वर्षं याच धंद्यात काढल्यावर एक गोष्ट कळली जी शर्त लावताना कळत नव्हती. मुदत नसलेला हक्क कुठल्याच बाजारात मिळत नाही. आपल्याला कितीही वाईट वाटलं तरी त्या शेवटच्या दिवसानंतर मला कुणी एक तास वाढवून दिला नाही. आणि फुकटही मिळत नाही, आधी इसार मोजावा लागतो. काकाने माझ्यावर हक्क घेतला, इसार दिला नाही, तारीख घातली नाही, कागदसुद्धा केला नाही. त्याने घातली नाही म्हणून तारीख मी घालते. एक मे ते एकतीस जुलै. तीन महिने मी वेळेवर येईन, काचेच्या टेबलामागे बसेन, "बसा" म्हणेन, गिऱ्हाइकाच्या पोरांची नावंसुद्धा विचारीन. एक ऑगस्टला त्याचा हक्क संपला. त्यानंतर मी त्याला कितीही कामाची वाटले तरी तो उशिरा बरोबर ठरला, आणि त्याला किती मार्क असतात ते वर लिहिलंय.

ठेव मी हरले, ती राहू दे त्याच्याकडे. दुसऱ्याच्या कपाटातल्या कागदाकडे बघत बसणं हेही बसणंच. बोटीवर जागा धरून ठेवायला सांगितलीय, कप्तान हो म्हणालाय.

काकाला मान्य नसेल तर तसं त्याने स्वतः लिहावं. तोंडी निरोप मीही घेत नाही.

भिंगरी

९ एप्रिल

भिंगरे,

काकाला पत्र वाचून दाखवलं. ठळक म्हटलेलं ठळक वाचलं, शेजारच्या चाव्यावाल्यालाही ऐकू गेलं.

तो म्हणाला, "तीन महिने असं कुठे ठरलं होतं?"

मी म्हटलं, "कायमचं असं कुठे ठरलं होतं?"

"अगं, तीन महिन्यांत तिला काम समजेपर्यंत ती निघून जाईल."

"मग लवकर समजव."

तो चिडला. म्हणाला, तू तिच्या बाजूची, नेहमीचीच. आपल्या बाबांनी तिच्या बापाला मोकळं सोडलं, तू तिला सोडतेस, घरात बसून राहायचं ते मी एकट्याने. आत्या म्हणून तुला हेही सांगायला हवं, तो वाईट नाही. तो त्या ऑफिसात एकटा आहे, एकटं वाटतं का असं आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी म्हणाला, "निदान सहा महिने तरी."

मी म्हटलं, "इसार काय देतोस?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. उठला, कॅलेंडरची पानं वर केली आणि जुलैच्या शेवटच्या तारखेभोवती माझ्याच खडूने गोल काढला. सही म्हणून धरते.

ठेवीचं तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही. त्यासाठी भांडायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

मागची खोली तुझ्यासाठी रिकामी करतेय. काथ्याचा वास येईल, सवय होते. पंखा आवाज करतो, त्याला उपाय नाही.

आणि एक. परतीचं तिकीट काढूनच ये, एक ऑगस्टचं. काकाला दाखव, पाहिजे तर टेबलाच्या काचेखाली ठेव. पण माझ्याकडे सांभाळायला देऊ नकोस. तू चिठ्ठी लिहिलीस तर मी अक्षरन् अक्षर पाळते, ते मला जमतं. तिकिटावर नुसती तारीख असते, ती मला उद्देशून नसते. तीन महिने तू सकाळी माझ्यासमोर चहा पिशील, त्यानंतर ते तिकीट माझ्या हातात आलं तर मी ते कुणाच्यातरी गादीत शिवून टाकीन आणि सापडत नाही म्हणून सांगेन.

आत्या